बावन्न टक्के म्हणजे पास नव्हे

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):
पत्र लिहिणाऱ्या ताई यंत्रमागांच्या गावात राहतात. यजमान ४६ वर्षांचे, मागांवर जॉबर (मागांची दुरुस्ती आणि सेटिंग करणारे). मुलगी वीस वर्षांची, मुलगा दहावीला. सव्वा वर्षापूर्वी यजमानांना दम लागू लागला, पायांवर सूज आली, रात्री तीन उशांना टेकून बसून झोपायची वेळ आली. टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदय मोठं झालेलं दिसलं, पंपिंग २५ टक्के. अँजिओग्राफीत ब्लॉकेज नव्हते. डॉक्टरांनी ‘डायलेटेड कार्डिओमायोपथी’ (हृदयाचा स्नायू कमजोर होऊन कप्पा फुगण्याचा आजार) असं नाव सांगितलं आणि चार प्रकारच्या गोळ्या सुरू केल्या. आठवड्यातून दोन-तीनदा दारू व्हायची, ती तेव्हापासून बंद आहे. त्याच रुग्णालयात पुढे पंपिंग ३८ आणि चार महिन्यांपूर्वी ४७ आलं. दहा दिवसांपूर्वी दिरांनी आग्रह करून दुसऱ्या सेंटरवर इको करवला. तिथे ५२ टक्के आलं, रिपोर्टखाली ‘नॉर्मल’. दीर म्हणतात, माणूस बरा झाला, आता महिन्याला अडीच-तीन हजारांच्या गोळ्या कशाला? यजमानांनाही तेच हवं आहे. नेहमीचे डॉक्टर गोळ्या सोडू देत नाहीत, वर हृदयाचा एमआरआय करा म्हणतात. ‘सगळं नॉर्मल असताना आणखी तपासणी, ही कट प्रॅक्टिस तर नव्हे?’ (म्हणजे कमिशनसाठी सुचवलेली तपासणी) असं ताई विचारतात. शेवटी जाता जाता दोन वाक्यं आहेत. सासरे पन्नाशीच्या आत शेतात चालता चालता पडले आणि गेले, ‘अटॅकच होता’. आणि यजमान विचारतायत, पौर्णिमेला पूर्वीसारखं पायी नरसोबाच्या वाडीला जाऊ का?

उत्तर:

ताई, तुम्ही सगळ्या रिपोर्टांचे फोटो पाठवलेत, हे फार चांगलं केलंत. बहुतेक पत्रांत ‘पंपिंग कमी आहे, काय करू’ एवढंच असतं आणि मग मला अंदाजाने बोलावं लागतं.

आधी आनंदाची गोष्ट आनंदाने मान्य करू या. २५ वरून पन्नाशीच्या आसपास येणं हा मशीनचा खेळ असू शकत नाही. तुमच्या यजमानांचं हृदय खरोखर सुधारलंय. डाव्या खालच्या कप्प्याचा व्यास ६८ मिलिमीटर होता, तो ५७ वर आलाय. म्हणजे फुगलेली पिशवी आकसली आणि भिंती पुन्हा जोर लावू लागल्या. त्यांनी दारू सोडली, गोळ्या चुकवल्या नाहीत (त्या वेळेवर हातात ठेवणाऱ्या तुम्हीच असणार, असा माझा संशय आहे), त्याचं हे फळ.

आता त्या ५२ कडे येऊ. टक्के म्हटलं की आपल्याला मार्कशीट आठवतं. पस्तीसला पास, साठला फर्स्ट क्लास. पंपिंगचे टक्के तसे नसतात. कप्पा रक्ताने पूर्ण भरला की त्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं, एवढंच तो आकडा सांगतो. निरोगी माणसाचंही थोडं रक्त दर ठोक्याला आत उरतंच, त्यामुळे शंभर टक्के कुणाचंच नसतं. इकोच्या अमेरिकी आणि युरोपीय संघटनांनी २०१५ मध्ये मिळून ज्या मर्यादा दिल्या, त्यात पुरुषांसाठी नॉर्मल म्हणजे ५२ ते ७२ आणि बायकांसाठी ५४ ते ७४. तुमचे यजमान बरोबर उंबरठ्यावर उभे आहेत. एक पाय आत, एक बाहेर. त्याच हिशेबाने, २५ टक्के होतं तेव्हा ‘पाऊण हृदय मेलं होतं’ असं तुम्ही पत्रात लिहिलंय, तेही खरं नव्हतं. ती भीती डोक्यातून काढून टाका.

४७ आणि ५२ यांची तुलना करताना मी तर आणखी सावध राहीन. दोन वेगळी सेंटरं, दोन मशीनं, दोन माणसं. मी कित्येक वर्षं स्वतःच्या हाताने इको केले आहेत, म्हणून सांगतो. एकाच हृदयाचं पंपिंग दोन जणांनी मोजलं, तर पाच ते दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि त्यात कुणी हलगर्जीपणा केलेला असतो असं नाही. बरगड्यांच्या फटीतून ध्वनिलहरी आत सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीचं चित्र करायचं असतं. छाती जाड असेल, मध्ये फुप्फुसातली हवा आली, हृदयाचं टोक नीट पकडात आलं नाही, त्या दिवशी ठोके जलद पडत होते, रक्तदाब चढलेला होता, अशा कशानेही आकडा हलतो. काही जण कडा आखून मोजतात, काही सरावाच्या नजरेने अंदाज लिहितात. नव्या रिपोर्टात मोजण्याची पद्धतच लिहिलेली नाही. तेव्हा दिरांना सांगा की ४७ आणि ५२ हे कदाचित एकच हृदय आहे, दोघांनी दोन बाजूंनी पाहिलेलं.

(या तंत्राचा उगम मला अजून गंमतीचा वाटतो. १९५३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर हे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी, जहाजाच्या कारखान्यांत धातूतले दोष शोधायला जे यंत्र वापरत, तसलंच यंत्र हृदयावर धरून पाहिलं. यजमान जॉबर आहेत, त्यांना हे सांगून बघा. मागाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला इको लगेच समजेल.)

पुढच्या वेळी इको शक्यतो त्याच ठिकाणी करा. जुने रिपोर्ट आणि सीडी बरोबर न्या आणि आधीच्या चित्रांशी ताडून पाहा म्हणून विनंती करा. सूज किंवा सर्दी-ताप असताना नियमित तपासणीचा इको उरकू नका.

आता नेहमीचे डॉक्टर अजून निश्चिंत का नाहीत, याचा मला वाटणारा धागा. त्यांच्या चार महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात खालच्या कोपऱ्यात ‘जीएलएस उणे १४’ असं बारीक अक्षरात आहे. त्याला स्ट्रेन म्हणतात. पंपिंगचा आकडा किती रक्त बाहेर पडलं ते सांगतो. स्नायूचे तंतू लांबीच्या दिशेने किती आखडले, ते स्ट्रेन सांगतो. तंतू आखडतात म्हणून आकडा उणे असतो, आणि सर्वसाधारणपणे उणे २० च्या आसपास असलेला बरा. पंपिंग नॉर्मलला टेकूनही स्ट्रेन मागे राहिलेला असू शकतो. म्हणजे हृदय काम पुरं करतंय, पण तंतू अजून पूर्वीसारखे तंदुरुस्त नाहीत. दुसऱ्या सेंटरच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टात स्ट्रेनचा उल्लेखच नाही.

एमआरआय नेमका इथे येतो. इको हृदयाची हालचाल छान दाखवतो, पण भिंत कशाची बनलीय हे सांगताना तो अडखळतो. कापड लांबून सलग दिसतं, पण कुठे रफू केलंय ते उजेडासमोर धरल्यावर कळतं ना? तसं. एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियम नावाचं औषध देतात. ते पेशींच्या आत शिरत नाही, पेशींच्या मधल्या जागेत फिरतं आणि निरोगी स्नायूतून लवकर निघून जातं. जिथे स्नायू जाऊन त्या जागी वण तयार झालाय, तिथे ही मधली जागा जास्त, म्हणून औषध रेंगाळतं. दहा-पंधरा मिनिटांनी चित्र घेतलं की तो भाग पांढरा उठून दिसतो.

तो पांढरा डाग कुठे आहे, यावरून आजाराची जातही बऱ्याचदा कळते. रक्तवाहिनी तुंबून आलेल्या अटॅकचा वण आतल्या थरापासून सुरू होतो. विषाणूमुळे स्नायूला सूज येऊन गेली असेल, तर तो बहुधा बाहेरच्या थरात दिसतो. यजमानांना आहे त्या आजारात कित्येकांना वण नसतोच, आणि असला तर भिंतीच्या मधोमध रेघेसारखा असतो. शिवाय स्नायूत अजून सूज आहे का, लोह साठलंय का, हेही एमआरआय सांगू शकतो.

या मधल्या रेघेला डॉक्टर एवढं महत्त्व देतात त्याला कारण आहे. याच आजाराच्या ४७२ रुग्णांचा लंडनमधला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १४२ जणांच्या भिंतीत ती रेघ होती. पुढच्या काही वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के जणांचं हृदय लय बिघडून अचानक थांबलं किंवा थांबता थांबता वाचवावं लागलं. रेघ नसलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. घाबरवायला सांगत नाही. ते सगळेच तुमच्या यजमानांसारखे सुधारलेले नव्हते. पण पंपिंग किती आहे याच्या जोडीने वण आहे की नाही हा वेगळा प्रश्न आहे, एवढं त्यातून कळतं. वण निघाला तर डॉक्टर होल्टर (अंगावर बांधायचं ईसीजीचं छोटं यंत्र) लावून चोवीस तासांची लय पाहतील, कदाचित आणखी काही सुचवतील. वण नसेल, तर तुम्हा सगळ्यांनाच रात्री जरा शांत झोप लागेल.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण इथेच घरात गोंधळ झालेला दिसतो. एमआरआयमध्ये काहीही निघालं तरी आज गोळ्या बंद होणार नाहीत. वण नाही निघाला तरीही.

हा प्रश्न लंडनच्याच डॉक्टरांनी थेट तपासला. २०१८ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ५१ माणसं होती, सगळी तुमच्या यजमानांसारखी, किंबहुना त्यांच्याहून बरी. आधी पंपिंग ४० च्या खाली गेलेलं, आता ५० च्या वर, हृदयाचा आकार नॉर्मल, रक्ततपासणी चांगली, त्रास काहीच नाही. अर्ध्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या नजरेखाली टप्प्याटप्प्याने कमी करून थांबवल्या, अर्ध्यांच्या चालू ठेवल्या. सहा महिन्यांत, गोळ्या थांबवलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांत आजार परतला. चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही. कुणी दगावलं नाही, कारण सतत मोजमाप चालू होतं आणि घसरण दिसताच औषधं पुन्हा सुरू केली जात होती. घरी बसून दिरांच्या सल्ल्याने गोळ्या सोडल्यावर ते मोजमाप कोण करणार? म्हणूनच २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत, पंपिंग सुधारलं आणि त्रास उरला नाही तरी औषधं चालूच ठेवा, असं स्वच्छ लिहिलंय. अशा रुग्णांना डॉक्टर ‘सुधारलेले’ म्हणतात. ‘बरे झालेले’ हा शब्द मुद्दाम टाळतात.

यजमानांना पटवताना बहुधा हे सांगता येईल: ५२ हा आकडा गोळ्यांसकट आहे. गोळ्यांशिवायचा आकडा कुणालाच माहीत नाही.

गोळ्यांचा खर्च मात्र खरा आहे, तो मी हलका लेखत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, यातल्या कोणत्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर चालतील? विचारायला लाजू नका. चक्कर येते, रक्तदाब उतरतो म्हणून गोळी नकोशी होत असेल, तर तेही सांगा, मात्रा बदलता येते. ठोके कमी करणारी बीटा ब्लॉकरची गोळी एका दिवसात बंद करणं तर सर्वांत धोक्याचं. आणि मागांवर दिवसभर उभं राहून कंबर-गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेत असतील, तर ते थांबवा. त्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात.

राहिली कट प्रॅक्टिसची शंका. आमच्या व्यवसायात ती आहे. नाही म्हणालो तर तुम्हीच हसाल. म्हणून शंका मनात कुजवण्यापेक्षा डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: “या रिपोर्टने तुमचा कोणता निर्णय बदलेल?” ज्याला उत्तर माहीत आहे तो चिडत नाही, दोन वाक्यांत सांगतो. सेंटर तुम्ही निवडा. मात्र एमआरआयचं मशीन असलेल्या प्रत्येक ठिकाणी हृदयाचा एमआरआय नीट होत नाही. धडधडणाऱ्या अवयवाची चित्रं ईसीजीच्या तालावर घ्यावी लागतात, वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि मुख्य म्हणजे हृदय वाचायची सवय असलेला रेडिओलॉजिस्ट लागतो. फोनवर विचारा, महिन्याला हृदयाचे किती होतात? ‘होतं हो, या’ एवढंच उत्तर आलं तर पुढचा नंबर फिरवा. दर जागोजागी वेगळे असतात, तेव्हा तीन-चार ठिकाणी चौकशी करा. ऐपत नसेल तर धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी तिथे सवलतीची योजना असते.

तपासणीला पाऊण ते एक तास लागतो. त्यात क्ष-किरण नसतात. आवाज मोठा येतो, पण मागांच्या शेडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचं काय! दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायला पुन्हा पुन्हा सांगतात, त्याची आधी घरी चार दिवस सवय करा. जाताना क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट बरोबर ठेवा, कारण मूत्रपिंड फार कमजोर असेल तर गॅडोलिनियम जपून द्यावं लागतं. अंगात पेसमेकर, धातूची जुनी क्लिप, डोळ्यात कधी गेलेली लोखंडाची कणी, असं काही असेल तर आधी सांगायचं. जॉबरच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट मी आवर्जून विचारतो.

पैशांची अगदीच ओढाताण असेल, तर गोळ्या चालू ठेवून एमआरआय काही महिने पुढे ढकलता येईल का, असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. एरवी मी ‘चालेल’ म्हणालोही असतो. पण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या दोन वाक्यांतलं पहिलं वाचून थबकलो.

सासरे पन्नाशीच्या आत चालता चालता पडले आणि गेले. आपल्याकडे असा प्रत्येक मृत्यू ‘अटॅक’ या एका शब्दात गुंडाळला जातो. अटॅक असेलही. पण हृदयाच्या स्नायूचा आजार असलेला माणूसही असाच जातो, लय बिघडून, काही कळायच्या आत. आणि या आजाराच्या काही प्रकारांत तो घराण्यातून चालत येतो. दारूने झालं असं सगळे धरून चालले आहेत, तुम्हीही. दारूने हृदय बिघडतं, खरं आहे. पण काही जणांत मुळातच स्नायूच्या प्रथिनात जन्मजात उणीव असते आणि दारू त्यावर घाव घालते. दोन्ही एकत्र असू शकतात. पहिल्यांदा दाखल केलं तेव्हाच्या कागदावर ‘कौटुंबिक इतिहास’ या रकान्यापुढे ‘काही नाही’ असं लिहिलेलं दिसतंय. तेव्हा घाईत कुणी विचारलं नसेल किंवा तुम्हाला सुचलं नसेल. पुढच्या भेटीत ही गोष्ट सर्वांत आधी सांगा. एमआरआयची निकड त्याने वाढते.

आणि यजमानांच्या भावंडांचा आणि तुमच्या दोन्ही मुलांचा एकेक ईसीजी आणि टूडी इको करून घ्या. हो, दिरांचाही. आज नॉर्मल आला तर काही वर्षांनी पुन्हा, कारण हा आजार उशिरा डोकं वर काढू शकतो. तुम्ही लिहिलं नाही, पण ओळींच्या मधून मला ऐकू येतंय: मुलीचं लग्न जमवायच्या वेळी असं काही कागदावर नको. ताई, रिपोर्ट कुणाला दाखवायचा ते तुमच्या आणि मुलीच्या हातात आहे. पण असा दडलेला आजार बायकांत कधी कधी बाळंतपणातच उघडा पडतो, जेव्हा हृदयावरचा भार वाढलेला असतो. तेव्हा कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. बहुधा इको नॉर्मलच येईल.

कामावर परत जाण्याबद्दल. झोपलेल्या अवस्थेतला इको मेहनतीबद्दल फारसं सांगत नाही. चालण्याची किंवा ट्रेडमिलची चाचणी घेऊन किती झेपतं ते पाहायला डॉक्टरांना सांगा. मागाची दुरुस्ती, सेटिंग हे हळूहळू सुरू होऊ शकेल. बीम (सूत गुंडाळलेला जड रूळ) चढवणं, म्हणजे श्वास कोंडून जोर लावण्याचं काम, इतक्यात नको. ते दुसऱ्याला करू दे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, किंवा पुन्हा उशी वाढवावी लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा. चालताना भोवळ येऊन पडले, तर त्याच दिवशी.

आणि वाडी. पूर्ण अंतर पायी, तेही पहाटे उपाशीपोटी, या पौर्णिमेला नको. ट्रेडमिलची चाचणी होऊन डॉक्टर हो म्हणाले की कुरुंदवाडपर्यंत एसटीने जा आणि तिथून दोघं मिळून सावकाश चालत जा. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, एवढाच वेग. दम लागला तर बसायचं, रिक्षा करायची. सकाळच्या गोळ्या घेऊनच निघा, आणि परतायला उशीर झाला तर म्हणून संध्याकाळच्या गोळ्या पिशवीत असू द्या.